थांबायला शिकवणाऱ्या मिस

मिसनी मला घरात ठेवून घेतलं, मिसनी मला सायकल शिकवली, आणि एका दसऱ्याला सकाळी फाटकात आडव्या उभ्या राहून मिसनीच माझी वाट अडवली. काय घडलं ते मग सांगते, कोणी केलं ते आधी लिहून ठेवते. मला सांगताना घाई होते, आणि घाईत ज्या माणसाचं नाव पहिलं यायचं तेच राहून जातं.

नाव म्हणजे तरी काय, वाडीत सगळे त्यांना मिसच म्हणायचे. दूधवाला, पोस्टमन, चर्चचे फादर, खालच्या मजल्यावरच्या कोकणातल्या काकी, सगळे. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण दाराला रंग देताना मिसनीच ब्रशचा एक फटकारा त्यावरून मारला होता. पुसायचं राहिलं ते राहिलंच. "ज्याला पायजे त्याला ठाऊक आहे," म्हणायच्या.

गिरगावात ठाकूरद्वारच्या मागं ती लहानशी वाडी. लाकडी जिन्यांची, कौलारू, गॅलरीत कुंड्या टांगलेली घरं. मिस तिथल्याच, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतच राहिलेल्या ख्रिस्ती घरातल्या. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर खेळ शिकवला. नोकरी संपली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. क्रूस आणि शिट्टी एकाच दोरीत. भाजीवाल्याला वरूनच शिट्टी मारायच्या. एक लांब म्हणजे थांब, दोन आखूड म्हणजे कोथिंबीर. नवा भाजीवाला आला की त्याला आधी शिकवणी.

मी मूळची हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली, मग घरात बसून राहिले. मिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि हाताखाली कोणीतरी हवं होतं, म्हणून ओळखीच्या एका बाईनं मला आणून तिथं सोडलं. निघताना बा म्हणाला होता, "काम हाय तवर ऱ्हा. काम सरलं की माघारी ये. स्थळ बघून ठिवलंय." ते वाक्य माझ्या डोक्यात सारखं वाजत राहायचं. मला माघारी जायचं नव्हतं. माझ्या पाठच्या चुलतबहिणीचं लवकर लग्न करून काय झालं ते मी पाहिलं होतं. त्यामुळं मिसचा गुडघा जसजसा बरा होत गेला तसतसा माझा जीव टांगणीला लागत गेला. देवाजवळ काय मागावं कळेना. गुडघा बरा होऊ दे म्हणावं, की थोडासा दुखता राहू दे म्हणावं?

गुडघा बरा झाला. त्या सकाळी मिसनी ताट पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "तू जेवण वाईट करतेस, बाय. तिखटानं माझे कान वाजतात. पण तू उजाडायला उठतेस आणि खोटं बोलत नाय. तुझ्यासाठी दुसरं काम बघू."

आणि बघितलंही. नाक्यावर रक्त-लघवी तपासायचं एक सेंटर होतं. सकाळी गोळा झालेले नमुने थंड पिशवीत घालून परळच्या मोठ्या लॅबला न्यायला माणूस हवा होता. अट एकच, वाहन स्वतःचं पाहिजे.

"वाहन आहे," मिस काउंटरवर म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. मला साधी सायकलसुद्धा येत नव्हती.

मिसचं ते वाहन म्हणजे वाडीतलं एक आश्चर्यच होतं. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, बोटभर जाडीचे टायर, बारीक सीट. शर्यतीची असते तशी सायकल, पण नळीत बॅटरी आणि मागच्या चाकात एवढीशी मोटर. तरुणपणी मिस साध्या सायकलवर शर्यती जिंकायच्या. "डॉक्टर म्हणाला गुडघ्यावर जोर नको. मी म्हटलं, बरं, जोर मोटर देईल, सायकल मी चालवीन." सेंटरवाल्याला त्यांनी तिथंच समजावलं, की ही पायडल मारल्याशिवाय जात नाही, मोटर लहान आहे, हिला लायसन लागत नाही. तो म्हणाला, "मॅडम, पण ही पोरगी चालवेल का?" मिसनी शिट्टी मारली. तो दचकला. त्याच्या दचकण्यात माझं काम पक्कं झालं. पक्कं म्हणजे दिवाळीपर्यंत ट्रायल. परळच्या साहेबांनी फोनवर बजावलं, ट्रायलमध्ये उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी यायचं नाही.

कामावर रुजू व्हायला महिना होता, तोवर शिकवणी वाडीच्या मधल्या चौकात सुरू झाली. कितीतरी दिवस मला सीटवर बसूच दिलं नाही. सायकल हातात धरून चालायचं आणि मिसची शिट्टी झाली की दोन्ही ब्रेक दाबून थांबायचं.

"मिस, आता बसू?"

"आधी थांबून दाखव."

"मी चालवलीच नाही तर थांबू कशी?"

"चालत जा आणि थांब. चालवता गाढवालापण येतं."

वाडीतली पोरं गॅलरीत ओळीनं उभी. "दीदी, सायकलला फिरायला नेते काय? बिस्कीट दे ना तिला!" मी लाजेनं लाल व्हायची. मिस पोरांना म्हणायच्या, "हसा. तुमच्या बापानं स्कूटर घातली त्या खांबावर अजून रंग लागलेला आहे." पोरं घरात पळायची.

मला सगळ्याचीच भीती वाटते. आजही दाराची कडी परत परत बघते. सीटवर बसले त्या दिवशी माझ्या हातून घंटी आपोआप वाजत होती. मिस बाजूला आल्या आणि म्हणाल्या, "भीती वाटते? चांगलं आहे. तिला पाठीवर बसव. हँडलवर बसवू नको, समोरचं दिसणार नाय."

त्यांचे नियम मला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतात. सिग्नलला उभं राहिलं की पाय पायडलवर टेकवून ठेवायचा नाही. मी एकदा ठेवला होता. मोटरला वाटलं मी निघाले, आणि सायकलनं पुढच्या टॅक्सीला मागून धडक दिली. टॅक्सीवाला उतरून माझ्याकडं आला, मी त्याला हात जोडले. तेव्हापासून उभं राहताना ब्रेक दाबूनच ठेवायचा, ब्रेक दाबला की मोटर झोपते. गर्दीत मोटर सगळ्यात खालच्या जोरावर. दिवसासुद्धा पुढचा दिवा चालू. मोठ्या बसच्या डाव्या कुशीत शिरायचं नाही. आणि ओढणी! फाटकाशी मिस हात पुढं करून उभ्या असायच्या. ओढणी काढून त्यांच्या हातात दिली की मगच बाहेर. माघारी आले की घडी करून परत. गावाकडं ओढणीशिवाय मी अंगणातसुद्धा आले नव्हते, पहिले काही दिवस मला रस्त्यावर उघडं पडल्यासारखं वाटायचं. मग चाकाकडं लक्ष लागलं आणि विसरले.

त्या सायकलला आवाज नसतो, हा तिचा मोठा दोष. गिरगावात माणसं रस्त्याच्या मधून चालतात आणि कानानं वाहनं ओळखतात. मिसचा उपाय सोपा होता. त्या चालवताना गायच्या. लग्नातली गाणी, चर्चमधली गाणी, भसाड्या आवाजात, मान पुढं, पाठ वाकलेली, फ्रॉकच्या आत पँट, अंबाड्यावर हेल्मेट. "गाडीला आवाज नाय तर मालकिणीनं करायचा." दुकानदार त्यांना येताना ऐकूनच गिऱ्हाइकाला बाजूला ओढायचे. मला गाता येत नव्हतं. मी आपली तोंडानं "बाजू, बाजू" करत जायची.

बॅटरीला त्या पाहुणी म्हणायच्या. पाहुणीचा मानही तसाच. बाहेरून आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, "दमून आलीय, गार होऊ दे." अगदी रिकामी होईपर्यंत उपाशी ठेवायची नाही, आणि रोज गळ्यापर्यंत जेवू घालायचं नाही. उन्हात ठेवायची नाही. चार्जर तिचाच. पलीकडच्या गल्लीतला मोबाइलवाला एकदा स्वस्तातला दुसरा चार्जर घेऊन आला, पिन बसत होती. मिसनी तो लांबून पाहिला. "दुसऱ्याची दाताची कवळी तू लावशील? बसते तर." तो गेला तो परत आला नाही.

चार्जिंग संध्याकाळी, दिव्याच्या वेळेला. खिडकीजवळच्या शहाबादी लादीवर, पडद्यापासून, गादीपासून आणि जिन्याच्या दारापासून लांब. शेजारी खुर्ची टाकून मिस क्रोशाचं विणत बसायच्या, दिवा हिरवा होईपर्यंत उठायच्या नाहीत. कोणी आलं तरी बोलणं तिथंच. मी म्हटलं, मिस, लोक तर रात्रभर लावून झोपतात. त्यांनी सुई थांबवली. "हे घर लाकडाचं आहे, गो. खाली काकीची नातवंडं झोपतात. माझा जिना एकच." एवढंच बोलून पुन्हा विणायला लागल्या. त्या खुर्चीत बसून त्यांनी वाडीतल्या प्रत्येक बाळासाठी टोपरं विणलं. बाळ कुठल्या देवाचं हे कधी विचारलं नाही.

आणि सकाळचं बघणं. निघण्याआधी अंगठ्यानं टायर दाबायचे. सायकल बोटभर उचलून खाली सोडायची, काही खडखडतंय का ऐकायचं. मग ढकलत नेऊन पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक. मिस वर गॅलरीत चहाचा कप घेऊन उभ्या. सगळं झालं की एक आखूड शिट्टी. ती वाजली की फाटक माझं.

तर तो दसरा.

आदल्या आठवड्यात हवा दमट होती आणि सायकलचा पुढचा ब्रेक सकाळी सकाळी कुंईकुंई ओरडायचा. दोनचार वेळा दाबला की गप्प व्हायचा. खालच्या काकींना ते ऐकवायचं नाही. काकी म्हणजे गिरणीत आयुष्य गेलेल्या नवऱ्यामागं चार पोरं वाढवलेली कोकणातली बाई, हाताला स्वस्थता नाही. दसऱ्याला वाडीतल्या सगळ्या हत्यारांची, गाड्यांची पूजा त्याच करायच्या. मी खाली आले तर माझी सायकल नवरीसारखी सजलेली. दांडीवर हळदकुंकू, शिंगांना झेंडूचा भलामोठा हार, आणि चाकं अशी चकचकीत की बघत राहावं.

"अगो चेडवा, बघ तरी! सगळीकडे खोबरेल लावलंय," काकी हरखून म्हणाल्या. "चाकाच्या मधल्या त्या ताटलीक तर दोनदा. दाराच्या बिजागरेक लावतंय तसा. आता रडूची नाय ती."

मी त्यांच्या पाया पडले, सोनं संध्याकाळी देते म्हटलं, सेंटरवरून आणलेली नमुन्यांची पिशवी पाठीला लावली. सणाचा दिवस, सेंटरनं नमुने उशिरा दिले होते. टायर दाबले. उचलून सोडली. ढकलत पुढचा ब्रेक दाबला, आणि चाक फिरतच राहिलं. मऊ मऊ. लोण्यावरून बोट फिरावं तसं. मी परत दाबला. मागचा दाबला. तोही तसाच. काकींनी तेल चोपडलेली ताटली ब्रेकचीच होती.

वरून शिट्टी वाजली नाही. मी मान वर केली तर गॅलरीत कोणी नव्हतं. मिस खाली येऊन फाटकात उभ्या होत्या. जिना कधी उतरल्या कळलंच नाही.

"उतरव पिशवी."

"मिस, हळू जाईन. थोडा थोडा लागतोय."

"तू हळू जाशील. समोरून येणारी बस हळू येईल?"

"मिस, ट्रायल आहे! आज उशीर झाला तर संपलं. बा मला घेऊन जाईल, मिस." मी रडायला लागले होते. काकी पदर तोंडाला लावून, "माझा काय चुकला गो?" असं मला विचारत होत्या, मिसना विचारत होत्या, सायकललाही विचारत होत्या.

मिसनी फाटकाची दोन्ही कवाडं धरली. म्हातारी बाई, बरा झालेला एक गुडघा, आणि तरीही फाटक भरून उभी. "नोकरी गेली तर दुसरी बघू. तुझ्या बापाशी मी बोलेन. पण ही गाडी या वाडीतून जाणार नाय." मग त्यांनी तो हार हातात धरून मला दाखवला. त्याचं लोंबतं टोक चाकाच्या तारांना लागत होतं. "आणि हा पहिल्या वळणाला तारांत गेला असता. काकी, हार भिंतीच्या खिळ्याला लाव. गाडीला दिसला म्हणजे झालं."

मी परळच्या साहेबांना फोन केला, गाडीचा प्रॉब्लेम आहे म्हटलं. ते म्हणाले, कारणं नकोत. मिस तोवर कॅनव्हासचे बूट घालून तयार. टॅक्सी करू म्हणाल्या. नाक्यावर टॅक्सी ओळीनं उभ्या होत्या, पण सगळ्या धुतलेल्या, हार घातलेल्या, पुढं लिंबू ठेवलेल्या. एकही हलेना. "अभी पूजा नहीं हुआ, मॅडम. पंडितजी आयेंगे, तब." मिस एका टॅक्सीवाल्याला म्हणाल्या, "तुझा देव आणि माझा देव बोलून घेतील, तू चल." तो हसला, पण हलला नाही.

बस मिळाली. एकच जागा रिकामी होती. मी म्हटलं, मिस, बसा. त्यांनी नमुन्यांची पिशवी त्या जागेवर ठेवली, हात धरून मला तिच्याशेजारी अर्धवट कोंबलं, म्हणाल्या, "धर घट्ट. हादरली नाय पायजे." आणि परळपर्यंत दांडा धरून उभ्या राहिल्या. कंडक्टर म्हणाला, "आजी, पिशवी मांडीवर घ्यायला सांगा ना पोरीला." मिस म्हणाल्या, "पिशवीत आजारी माणसं आहेत." तो तिकिटं फाडत पुढं सरकला.

उशीर व्हायचा तो झालाच. लॅबचे साहेब काउंटरमागं, कपाळाला टिळा. तरुणच होते. "मी काय बोललो होतो? ट्रायलमध्ये लेट चालणार नाही. बोललो होतो की नाही?"

मी तोंड उघडण्याआधी मिस पुढं झाल्या. "हिनं उशीर केला नाय. मी केला. गाडीचे ब्रेक लागत नव्हते, मी हिला सोडली नाय. शाळेत लेट येणारीला मी पट्टी मारायचे." आणि त्यांनी उजवा हात काउंटरवर पुढं केला. तळवा वर. "आज मी लेट आहे. मार."

लॅबमधलं सगळं थांबलं. सुया, स्टूल, रांगेतली माणसं. साहेब इकडं तिकडं बघायला लागले. "अहो आजी, काय करताय?"

"मिस."

"बरं, मिस. हात खाली घ्या. लोक बघतायत."

"बघू देत. मला शिक्षा दे, नाहीतर हिची पिशवी आत घे. दोन्ही नाय असं होणार नाय."

तो हात तसाच होता. सुरकुतलेला, आयुष्यभर दोरखंड आणि बॅट धरून राठ झालेला. साहेबांनी पिशवी ओढून घेतली, आत हात घातला. बर्फाच्या पिशव्या अजून कडक होत्या. "माल ठीक आहे," ते कुणालातरी म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "ब्रेक लागत नाहीत असं नीट सांगायचं ना फोनवर! 'प्रॉब्लेम आहे' काय? प्रॉब्लेम सगळ्यांनाच असतो. उद्या ये. गाडी रिपेअर करून ये." ट्रायल हा शब्द त्यानंतर मी कुणाकडून ऐकला नाही. दिवाळीला गावी फोन लावला, बा बोलायला आला तसं सांगितलं, कामाला हाय, कायमची हाय. मग म्हणाला, "जेवतीस का येळेवर?"

त्या संध्याकाळी मिस आणि काकी चौकात सायकल उलटी करून बसल्या. मिसनी ब्रेकची ताटली स्पिरिटनं पुन्हा पुन्हा पुसली, आतले पॅड काढून बोंबील हुंगावा तसे नाकाशी धरले, "मेले," म्हणून फेकले, नवे बसवले. काकी शेजारी बसून फडकी पिळून देत होत्या. मिस त्यांना एका शब्दानंही रागावल्या नाहीत. फक्त एकेक भाग बोटानं दाखवला. "कुंकू इथे. तेल चेनला, ते मी लावते. या ताटलीला हात नाय, देवाचापण नाय. आणि धुवायची झाली तर नळी नाय, ओलं फडकं." काकी मान डोलावत म्हणाल्या, "म्हणजे नवऱ्यासारखीच. नको तिथे तेल लावला की हातातून सुटता." दोघी इतक्या हसल्या, की मिसना ठसका लागला. मग नवे ब्रेक बसावेत म्हणून मी चौकात हळूहळू चालवत होते, थांबत होते, चालवत होते, थांबत होते, आणि पोरं गॅलरीतून शिट्ट्या मारत होती.

मिस उठायला गेल्या तेव्हा मी पाहिलं. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. त्यांनी फ्रॉक खाली ओढला. "बसमध्ये उभं राहायची सवय गेली," म्हणाल्या.

तो गुडघा त्यानंतर पहिल्यासारखा झाला नाही. त्या दिवसामुळंच असं डॉक्टर म्हणाले नाहीत, वय झालं म्हणाले. मी मनात काय म्हणते ते मला माहीत. पुढं लाकडी जिना चढणं बंद झालं, आणि मिस वडाळ्याला सिस्टरांच्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. सायकल माझ्या स्वाधीन केली. तिथं तळमजल्यावर त्यांची खाट खिडकीशी आहे. शिट्टी सिस्टरांनी काढून घेतली होती, तीनचार दिवसांत परत दिली, नाहीतर मिस जेवत नव्हत्या.

रविवारी मी जाते. मिस वाडीची खबर विचारतात, काकींनी पाठवलेलं खातात, तिखट आहे म्हणून मला शिव्या देतात. गिरगावच्या चर्चचा सण येतो तेव्हा मात्र ताट तसंच ठेवतात. मागच्या वेळी मी म्हटलं, मिस, टॅक्सीनं नेते ना तुम्हाला. त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "टॅक्सीत मी सामान होते, गो. मला वारा पायजे."

म्हणून हे लिहितेय. तीन चाकांची, पुढं बसायला रुंद बाक असलेली विजेची सायकल मिळते, ती मी एका दुकानात बघून आले. ती वळताना कलत नाही, तिचं सगळंच वेगळं. दुकानदार मला रिकाम्या मैदानात चालवून बघू देतो. बाकावर मी तांदळाची पोती ठेवून सराव करते, मिसच्या वजनाची. ती सायकल मी घेणार आहे, लवकर नाही जमलं तरी घेणार आहे. मिसना पुढं बसवून वडाळ्यापासून गिरगावपर्यंत नेणार आहे, रस्त्यात त्यांना हवं ते गाऊ देणार आहे. चर्च झालं की समुद्रावर. त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते एवढ्यानं फिटणार नाही, पण मी सुरुवात तिथून करीन.

तोवर, मिस, तुम्ही कुठं जायची घाई करू नका.